इंजिनाची ओटी

रविवार, २८ एप्रिल १९५७

आज आमच्या टॅक्सीची दारं भंगारवाला घेऊन गेला. बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलंय. चाळीच्या चौकात नुसता सांगाडा उभा आणि त्यात ते काळं इंजिन. हे सकाळपासून त्याच्यापाशीच. चहासुद्धा तिथे नेऊन द्यावा लागला.

ठरलं म्हणजे ठरलंच. गाडीची बॉडी कुजली, पण इंजिन अजून ठणठणीत आहे — ते बोटीने मालवणला न्यायचं आणि गावी थोरल्या कोंडीराम भाऊजींच्या खळ्यात त्यावर भातगिरणी लावायची! त्यांनी भात सडायचं यंत्र आधीच आणून ठेवलंय. गावात अजून बायका उखळात भात कांडतात. सासूबाईंचे तळवे बघवत नाहीत, हे मलाही दिसतं. पण म्हणून आम्ही मुंबई सोडायची?

गेलं वर्षभर मोर्च्यांत ‘मुंबई आमची’ म्हणून ह्यांनी घसा फोडला. आवाज बसला की हळद-दूध करून द्यायला मी. आणि आता मुंबई मिळायच्या आधी हेच निघाले! तसं बोलून दाखवलं तर हसले. म्हणाले, मुंबई महाराष्ट्राला मिळू दे, मला गिरणी मिळू दे. ह्यांच्याशी भांडायचीही सोय नाही. भांडण सुरू झालं की हसतात.

मंगळवार, ३० एप्रिल

शाळेला आजपासून सुट्टी. राधाबाईंनी — आमच्या मुख्याध्यापिका — विचारलं, जूनमध्ये आहात ना? आहे म्हटलं. पटकन तोंडातून गेलं.

जेवताना ह्यांच्याशी सरळ बोलले. म्हटलं, मला तिसरीचा वर्ग सोडवत नाही, ही लालबागची खोली सोडवत नाही, गावी मी नुसती सून म्हणून काय करू? ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग करार झाला. हे इंजिन घेऊन एकटे पुढे जाणार. गिरणी चालली तर मी शाळा सोडून मागून जायचं.

‘आणि नाही चालली तर?’

‘तर मी गुमान परत येतो. दुसऱ्याची टॅक्सी चालवीन, पण पुन्हा गावाचं नाव काढणार नाही.’

म्हणजे माझं सगळं त्या लोखंडावर आलं!

गुरुवार, २ मे

इंजिन उचललं. तीन वासे उभे करून वर साखळीची कप्पी बांधली आणि अर्धी चाळ ओढायला. हळूहळू वर आलं, दोन-तीनदा गोल फिरलं. खाली पोरं नाचत होती, त्यांना हाकलता हाकलता पुरे झालं.

पेटी करायला शिवडीहून दगडू आलेत. गोदामात परदेशी जाणाऱ्या मालाच्या पेट्या ठोकतात. ह्यांची त्यांची ओळख मोर्च्यातली — दोघांनी एका कोठडीत रात्र काढलेली. बोलतात कमी. मला वाटलं होतं, पेटी करायची आणि इंजिन आत ठेवायचं. तसं नसतं. आधी दोन जाड ओंडक्यांवर इंजिनाचे पाय बोल्टने आवळायचे, मग त्याच्याभोवती पेटी बांधायची. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नाही. भर समुद्रात दोरांनी पडावात, म्हणजे लहान होडीत उतरवायचं. पेटी कलली आणि इंजिन आत हललं, तर फळी फोडून पाण्यात!

तेवढं ऐकलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

रविवार, ५ मे

दिवसभर ग्रीस. हात, कोपर, दाराची कडी — सगळीकडे ग्रीस. खाऱ्या हवेने गंज चढतो म्हणून जिथे जिथे लोखंड चकाकतं तिथे तिथे हे थापत होते. आतलं ऑइल काढून टाकलं. माझं जुनं लुगडं फाडून चिंध्या केल्या, तेलात भिजवल्या आणि इंजिनाला जेवढी म्हणून भोकं आहेत तेवढी बुजवली.

कार्बोरेटर काढून वेगळ्या डब्यात ठेवला. तो होता तिथे आता एक मोठं भोक. हे म्हणाले, ‘हे इंजिनाचं तोंड. ह्यातून आत वाळूचा कण जरी गेला ना, तरी वाट लागली.’ ती चिंधी मी स्वतः कोंबली. घट्ट. ह्यांनी बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर काम करताना मला मजा आली.

मंगळवार, ७ मे

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. चाळीतल्या बायकांनी इंजिनाची ओटी भरली!

समोरच्या खोलीतल्या सुंदराबाई काकींचं हे डोकं. म्हणे चाळीतून सासरी चाललंय, रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं? आधी हसले. पण त्यांचंही बरोबर आहे. अडलेल्या बायांना ह्याच टॅक्सीतून हे इस्पितळात पोचवायचे, कधी मीटर टाकला नाही. काकींना धाकट्याच्या वेळी नेलं तेव्हा तर इस्पितळाच्या दारापर्यंत तरी थांब गो बाई, असं सगळ्या म्हणत होत्या. त्या इंजिनाने चाळीत निम्मी पोरं आणलीत.

पेटीच्या तीन बाजू झाल्या होत्या. हे आणि दगडू झाकणाच्या फळ्या आणायला गेले होते. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ — सगळं साग्रसंगीत. मी कुंकू लावलं आणि वर डाळ उकळत होती म्हणून पळाले. परत आले तेव्हा ओटी भरून झाली होती. शेजारची कौसल्या तर डोळे पुसत होती. दगडू आल्यावर जरा बाजूला उभे राहिले. ते आता बौद्ध झालेत, हे सगळं सोडलंय त्यांनी. म्हणाले, तुमचं होऊ दे ताई, मग मी खिळे मारतो. खण-नारळ ह्यांनी हसत काढून मला दिला आणि झाकण बसवलं.

बुधवार, ८ मे

सकाळी पेटी भाऊच्या धक्क्यावर गेली. लॉरीवर चढवायला आठ जण. वर काळ्या रंगात भाऊजींचं नाव, खाली मालवण बंदर, बाजूला वर कुठली बाजू ते दाखवणारा बाण. चौक रिकामा दिसतोय.

संध्याकाळी काकी आल्या. उंबऱ्यात बसल्या, आत येईनात. मी विचारलं काय झालं, तर हळूच म्हणाल्या, ‘गो बाय, तांदूळ मी तेच्या तोंडात घातलंय. ओटी सांडूक नको म्हणान. मगे चिंधी होती तशी कोंबलंय. काय होवचा नाय मां?’

ते तोंड! ह्यांनी सगळ्यांना कौतुकाने दाखवलं होतं, आणि ओटी भरायची तर ती बाहेर सांडू द्यायची नाही, एवढंच काकींना ठाऊक. पसाभर तांदूळ इंजिनाच्या आत.

काकी रडवेल्या झाल्या होत्या. म्हटलं, काही काळजी करू नका. मी ह्यांना सांगते.

गुरुवार, ९ मे

सांगितलं नाही.

सकाळी हे दाढी करत होते तेव्हा तोंड उघडलं होतं. आणि मनात आलं — बोट शनिवारची, पेटी बंद, काकींशिवाय कुणाला ठाऊक नाही. गावी इंजिन फिरवतील, आत दाणा अडकेल, खटकन बंद पडेल. तिथे दुरुस्त करणारा कोण? हे परत येतील. माझा वर्ग, माझी खोली, माझं सगळं जागच्या जागी राहील. मला काही करायलाही नको. नुसतं गप्प बसायचं.

म्हणून विचारलं, चहा अजून देऊ का?

दुपारी हे हत्यारांची पिशवी घेऊन धक्क्यावर गेले, ते दिवेलागणीला आले. पेटीची एक फळी सैल वाटत होती म्हणाले. जेवताना गप्प होते. जायचं जवळ आलं की माणूस गप्प होतो.

शुक्रवार, १० मे

आजही नाही.

शनिवार, ११ मे

गेले.

धक्क्यावर ही गर्दी. सुट्टीला निघालेली कुटुंबं, पोरं, वळकट्या, पाण्याचे फिरकीचे तांबे. आमची पेटी दोरांत अडकवून वर उचलली तेव्हा हे श्वास धरून बघत होते. अलगद आत उतरली. दगडूंचं काम! एक फळी करकरली नाही.

शिडीपाशी हे वळले. ‘पद्मा, काही सांगायचं राहिलं का?’

‘सासूबाईंना नमस्कार सांगा,’ म्हटलं.

थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, नेहमीसारखेच, आणि वर गेले. बोट सुटल्यावरही कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. मीही हलवला. लालबागपर्यंत चालत आले. बस नकोशी वाटली.

मंगळवार, १४ मे

मला असं वाटलं होतं की गप्प बसणं सोपं असेल. नाही. भात टाकायला तांदूळ निवडायला बसले आणि उठले. दोन दिवस पोळीच खाल्ली.

ह्यांचं नुकसान होईल ह्याचंच फक्त वाईट वाटतंय असं नाही. हे इंजिन फिरवतील, ते बंद पडेल, आणि हे स्वतःलाच दोष देतील — आपलंच काहीतरी चुकलं म्हणतील. सासूबाई पुन्हा मुसळ हातात घेतील. आणि मग हे परत येतील आणि माझ्यासमोर बसून जेवतील. मी काय तोंडाने वाढू? मला मुंबई हवी होती, पण अशी नको होती.

तार करायला परळला गेले. ‘इंजिन सुरू करू नका.’ एवढंच लिहायचं. खिडकीपर्यंत पोचले. का म्हणून विचारलं तर काय सांगू? मागची माणसं खोळंबली. बाजूला झाले आणि घरी आले. भित्री आहे मी.

रविवार, १९ मे

सुंदराबाई काकींचा भाचा जगदीश आज बोटीने आला. आमच्या शेजारच्याच वाडीचा. आल्या आल्या सांगत सुटला — इंजिन चालू झालं! पहिल्याच हँडलला! खळ्यात ही जत्रा, पहिलं भात सासूबाईंच्या हातून घातलं, गरम तांदूळ ओंजळीत घेऊन त्या नुसत्या बघत बसल्या.

डोळ्यांत पाणी आलं ते सुटल्याचं. करारात मी हरले, तरी सुटले!

पण तांदूळ? पसाभर तांदूळ गेले कुठे?

सोमवार, २० मे

काकी सकाळी पेढा घेऊन आल्या. म्हणाल्या, तू वेळेवर सांगितलंस म्हणून निभावलं. गुरुवारी दुपारी ह्यांना जिन्यात गाठून त्यांनी विचारलं होतं, पद्माने तांदळाचं सांगितलं ना? हे घटकाभर थांबले आणि म्हणाले —

‘होय काकी, पद्मान सांगल्यान माका. ताच काढूक चल्लंय.’

शनिवारी पावसाळ्याआधीची शेवटची बोट आहे. तिकीट काढून आले. ह्यांच्यासमोर उभं राहून सांगायचंय की मी सांगितलं नव्हतं.