मीठ सगळ्यांत शेवटी

४ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कारखान्याच्या कँटीनमध्ये मला सॅलडचं टेबल मिळालंय, पण तिकडे कुणी फिरकत नाही. तू करायचीस तसंच करते. सकाळीच काकडी, गाजर, कोबी चिरते, मीठ-लिंबू लावते आणि मुरायला ठेवते. दुपारी परातीत भाजी कमी, पाणी जास्त. एका वेल्डरने परवा विचारलं, की पोहायला उतरू का. मुख्य आचारी म्हणतात, महिनाअखेर टेबल चाललं नाही तर ते बंद, आणि मी भांडी घासायला.

कॉलेज सोडून काकड्या चिरायला चाललीस, असं आई म्हणाली होती. तेव्हापासून तिचा अबोलाच आहे. पत्र तुला तीच वाचून दाखवणार, तेव्हा एवढा भाग तिने गाळावा. घरी तुझी काकडी कुणाला जास्त मिळाली यावरून भांडणं व्हायची. नेमकं काय करायचीस ते कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
खारू

१० फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र ऐकलं. मधेच तुझी आई घसा खाकरून थांबली, म्हणजे तिथे तिच्याबद्दल काहीतरी असणार. मला अक्षरओळख नाही, म्हणून अबोला धरूनही तिला तुला पत्र लिहावं लागतंय. शाळेत न गेल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला बघ! माझ्या तोंडात दोनच दाढा उरल्यात, त्याही एकमेकींच्या शेजारणी नाहीत, तरी मी गाजर सोडत नाही.

आता काकडीचं. सकाळी भाज्या फक्त धुवाव्यात आणि कापडावर कोरड्या कराव्यात. चिरायचं जेवणाच्या जरा आधी. कांदा मात्र आधीच लिंबाच्या रसात ठेवावा, उग्रपणा जातो. तेल, लिंबू, चिमूटभर साखर आणि ठेचलेला पुदिना वेगळा फेटून ठेवावा. शेंगदाणे भाजून भरडावेत, वाढताना घालावेत. मीठ सगळ्यांत शेवटी. बोटाला पट्टी बांधल्याशिवाय लिंबाला हात लावू नये.

त्या वेल्डरला सांग, पोहायचं असेल तर आधी आजीची परवानगी घे.

दाढा आहेत तोवर आशीर्वाद आहेतच.
तुझी आजी

२७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

परात रिकामी झाली! वेल्डर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आला आणि तळाशी राहिलेला दाण्यांचा भरडाही बोटाने पुसून गेला. आचारी म्हणाले, टेबल राहील, उद्यापासून बीटही घे. पुदिना आणि शेंगदाण्यांनी तर जादूच केली. तुझे उपकार कसे फेडू? एक मात्र सांग. माझं बोट कापलंय हे मी लिहिलंच नव्हतं. तुला कसं कळलं?

अशीच पाठीशी राहा.
खारू

५ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझी आई बाजारात गेलीय, म्हणून शेजारच्या शिंपीभाऊंना लिहायला बसवलंय. तुझं पत्र त्यांनीच वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुदिना? शेंगदाणे? अगं, मी सांगितलं होतं की सकाळी चिर, मीठ-लिंबू लाव, भरपूर मुरू दे आणि घाबरू नकोस. बास, एवढंच.

मग आठवलं. घरी मी मुरायला ठेवलेलं पातेलं जेवणाआधी तुझी आई आत न्यायची. मला वाटायचं, झाकायला नेते. वाहवा माझी व्हायची आणि ती मुकाट्याने वाढत राहायची. इतकी वर्षं सुनेच्या हातचं खाल्लं आणि स्वतःची पाठ थोपटली! शिंपीभाऊ हसतायत. त्यांना म्हटलं, तुम्ही आपले टाके घाला.

बोटाचं म्हणशील, तर तुझं अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. ती वाकडी झालीय हे मला कुठून कळणार? ते वाचणारीलाच कळलं.

ती आली की मी तिचे आभार मानीन. तोंडी जमतं मला. तू तुझे लिही. पुढचं पत्र तिच्या नावाने टाक, तिला वाचून दाखवायला कुणी लागत नाही. बोट बरं झालं का, हेही तिलाच कळव. विचारत नाही ती. पण पोस्टमनच्या वेळेला नेमकी दारात गाजरं किसायला बसते.

माया आहे ती आहेच, आता ती दोघींत वाटून घ्या.
तुझी आजी