खेळाडू इच्छुक नाही

मी, रुपराव महादेवराव ठवकर, वय ७६ वर्षे, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही, तेही त्याच दाखल्यात आहे. मजकुराबाबत माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, त्याचा उल्लेख कलम ७ मध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. हुडकेश्वरचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या मागे पत्नी प्रयागबाई हिचे. तिच्या मागे मुलगा अमोल याचे. ती हयात असेपर्यंत घर विकण्याविषयी तिच्यासमोर बोलूही नये. वरच्या खोलीचे भाडेकरू चांगले आहेत. त्यांना काढू नये.

२. कुही तालुक्यातील धानाची दोन एकर शेती वडिलोपार्जित आहे. ती अमोलकडे जाईल. अमोल पुण्याला असतो आणि गेली सहा वर्षे बांधावर गेलेला नाही. शेत कोणते, हे नत्थू दाखवील. तोच ते कसतो. त्याच्याकडून ते काढून घेऊ नये.

३. बँकेतील ठेवींवर प्रयागबाईचे नाव आहेच. वेगळे लिहिण्याची गरज नाही.

४. मी एकतीस वर्षे उगवता तारा क्रीडा मंडळ, लकडगंज, याचा सचिव आहे. मंडळाचे पुढील सामान माझ्या घरी आहे: हवा भरण्याचे दोन पंप, मैदान आखायची चुन्याची गाडी, कोपऱ्यांचे झेंडे (तीन, चौथा हरवला), शिट्टी, हजेरीची रजिस्टरे. हे सर्व मंडळाला परत जावे. शिट्टी माझी स्वतःची आहे, तरी जावी.

शेजारच्या मंडळाचे भैय्याजी यांनी १९९६ साली आमची गोलची दोन जाळी नेली आणि एक परत केले. दुसरे आता मागू नये. माफही करू नये.

माझ्या अंत्ययात्रेत मंडळाचा झेंडा आणू नये. भाषण करू नये. भैय्याजी बोलायला उभे राहिले तर त्यांना पाणी द्यावे आणि बसवावे.

५. या कलमात वाटप नाही. तरी ते मृत्युपत्रात असावे असे मी ठरवले आहे.

आमच्या मंडळाचा एक खेळाडू भारताच्या संघात गेला. ऋषिकेश तुळशीराम निनावे. बचावफळीत मध्ये खेळायचा, ज्याला आम्ही स्टॉपर म्हणतो. त्याचे वडील लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. त्यांची डाव्या हाताची दोन बोटे तिथेच गेली. ऋषिकेश बारा वर्षांचा असताना ते त्याला माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, याले मशीनपासून दूर ठेवा." फुटबॉलविषयी ते काही बोलले नाहीत.

मी त्याला दूर ठेवले. वीस वर्षांचा झाल्यावर त्याला खेळाडू कोट्यातून आमच्याच खात्यात लावले. बाविसाव्या वर्षी तो देशाकडून खेळला. एकूण सात सामने. देशाच्या संघात असूनही कोणत्याही मोठ्या क्लबने त्याला घेतले नाही, ही गोष्ट पूर्व नागपुरात अजून सांगतात. भैय्याजी तर चहाच्या टपरीवर सर्वांसमोर विचारीत.

"का गा रुपराव, तुहा पोट्टा देशाचा स्टॉपर, अन् क्लबवाले त्याले पुसत नाहीत. देश सोपा हाये काय क्लबापरीस?"

मी कारणे सांगत असे. देश खेळाडूला वीस दिवसांसाठी बोलावतो, क्लबला तो दहा महिने लागतो. वीस दिवस चांगले खेळणारे पुष्कळ असतात. क्लबवाले मधल्या जागा, म्हणजे स्टॉपर आणि गोल करणारा, बाहेरच्या देशातून आणतात. आपला माणूस बाकावर बसतो. देशाच्या शिबिराला गेलेला खेळाडू ऐन हंगामात क्लबला मिळत नाही, म्हणून ते आधीच नको म्हणतात. मोठ्या शहरात खेळाडूसाठी शब्द टाकणारा माणूस असतो, नागपुरात नसतो. खात्याची पक्की नोकरी असलेला माणूस एका हंगामाच्या करारावर जायला कचरतो आणि त्याच्या घरचे त्याहून जास्त कचरतात.

ही सर्व कारणे खरी आहेत. मी ती अनेक खेळाडूंच्या बाबतीत घडताना पाहिली. ऋषिकेशच्या बाबतीत त्यांपैकी एकही नव्हते. त्याच्या बाबतीत कारण मी होतो.

६. एप्रिल १९९९ मध्ये कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबचे पत्र मंडळाच्या पत्त्यावर आले. त्यांना ऋषिकेश हवा होता. मंडळाचे मोकळीक-पत्र आणि खात्याची ना-हरकत, एवढेच त्यांनी मागितले होते. पंधरा दिवसांत.

मंडळाचा सचिव मी होतो. खात्याच्या क्रीडा शाखेतला लिपिकही मीच होतो. दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून जायचे होते. ऋषिकेश त्या वेळी देशाच्या शिबिरात होता. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हते, पण शिबिराचा फोन नंबर माझ्याकडे होता.

त्याला नोकरीत कायम व्हायला आठ महिने उरले होते. आमच्या खात्यात कायम होण्याआधी बाहेरच्या क्लबकडे गेलेल्या माणसाची जागा रद्द होत असे. मला आरा मशीन दिसली. हे खरे आहे. त्या वर्षीचा खात्याचा चषक नागपुरात होता आणि ऋषिकेशवाचून आमचा संघ उभा राहिला नसता, हेही खरे आहे. कोणते किती खरे, हे मी पुष्कळदा तपासले. ठरवता आले नाही.

मी मंडळाच्या कागदावर एक ओळ टाइप केली. खेळाडू इच्छुक नाही. खाली सही केली आणि पाकीट स्वतः टपालात टाकले. चषक आम्ही हरलो.

शिबिराहून आल्यावर तो सरळ माझ्या घरी आला.

"काका, कोणाचं काही आलं काय?"

"कोणाचं येणार होतं?"

"तिथं सगळेच म्हणून राहिले होते. कलकत्त्याहून पत्र गेलं म्हणे नागपूरले."

"नाही आलं."

तो चहा पिऊन गेला. पुढल्या वर्षी त्या क्लबने दुसरा स्टॉपर घेतला. ऋषिकेश आणखी दोन वर्षे देशाकडून खेळला. मग आता क्लबात खेळणाऱ्यांनाच घेणार, असे त्याला सांगण्यात आले. तो परत आला. आज तो खात्यात आवक-जावक शाखेत आहे. कायम आहे. त्याच्या हाताची दहाही बोटे शाबूत आहेत. आपण मोठ्या क्लबच्या लायकीचे नव्हतो, असे तो छत्तीस महिन्यांत शिकला आणि पुढची तेवीस वर्षे ते विसरला नाही. मी त्याला आठवड्यातून तीन वेळा भेटत होतो.

७. त्याची मुलगी वैभवी वीस वर्षांची आहे. आमच्याच मंडळाची. मध्यभागी खेळते. या वर्षी देशाच्या महिला संघाकडून तीन सामने खेळली. दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबने तिला बोलावले आहे. ३१ जुलैपर्यंत मंडळाचे सहीचे पत्र हवे आहे. त्याच आठवड्यात तिला एका खात्यातून खेळाडू कोट्याची नेमणूकही आली आहे. १ ऑगस्टला रुजू व्हायचे. रुजू झाल्यावर दोन वर्षे बाहेरच्या क्लबकडे जाता येत नाही.

ती सज्ञान आहे. पत्रासाठी वडिलांच्या संमतीची गरज नाही. परंतु आमच्या मंडळात घरच्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय सचिव मोकळीक देत नाही. ही प्रथा मीच पाडली.

गेल्या रविवारी ती आली.

"आजोबा, सही करून द्या ना."

"बाबाले विचारलं काय?"

"बाबा म्हणते, पहिले ऑर्डर घे, मग पाहू. मोठे क्लब आपल्यासाठी नसतात म्हणे."

"काहून?"

"म्हणते, मी देशाकडून खेळलो तरी मले कोणी पुसलं नाही. तू कोण लागून गेली."

"मंग तू काय म्हणाली?"

"मी म्हटलं, तुम्ही तरी पुसलं होतं काय त्याईले?"

"मंग?"

"जेवून राहिले होते. ताटावरून उठून गेले."

मी तिला पुढल्या रविवारी ये म्हणालो. ती गेल्यावर प्रयागबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. कलकत्त्याचे पत्र तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तिला सांगितले की सर्व मृत्युपत्रात लिहितो, मी गेल्यावर ऋषिकेशला कळेल.

ती म्हणाली, "मेलेल्या माणसाले कोणी शिव्या देत नाही, म्हणून मेल्यावर सांगून राहिले काय?"

मी म्हणालो, विचार करतो.

"तुमचा विचार होईपर्यंत पोरगी टेबलावर बसून ठप्पे मारत राहीन. बापासारखी." मग म्हणाली, "अन् तुमचं मरण एकतीस तारखेच्या आधी येईन, याची काही गॅरंटी हाये काय?"

नाही. डॉक्टरांनीही तशी दिलेली नाही.

८. म्हणून पुढीलप्रमाणे.

वैभवीचे मोकळीक-पत्र मी आज सही करून या मृत्युपत्रासोबत ठेवले आहे. त्यावर मंडळाचा शिक्का आहे. ते मी तिच्या हाती दिलेले नाही. दिले असते तर ती वडिलांना न सांगता गेली असती, आणि ऋषिकेशच्या घरचा निर्णय पुन्हा एकदा त्याच्या पाठीमागे झाला असता. ते ऋषिकेशच्या हाती द्यायचे आहे. तो ते मुलीला देऊ शकतो. खणात ठेवू शकतो. खणात ठेवणे किती सोपे असते, हे मला माहीत आहे. मी त्याला काहीही सुचवत नाही. सुचवण्याचा अधिकार मी वापरून संपवला आहे.

त्याने ते २८ जुलैपर्यंत मुलीला दिले नाही, तर मी जिवंत असल्यास दुसरे पत्र सही करून तिला देईन, आणि तसे त्याला आधी कळवीन. जिवंत नसल्यास मंडळाचा शिक्का प्रयागबाईकडे आहे. तिला माझी सही जमत नाही. मंडळाचे उपसचिव सही करतील. त्यांना सांगून ठेवले आहे.

कलकत्त्याचे मूळ पत्रही सोबत आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये. ते ऋषिकेशला देत नसून परत करीत आहे.

९. ऋषिकेशला मी घरातले, शेतातले किंवा ठेवीतले काहीही ठेवलेले नाही. ठेवले असते तर ती किंमत ठरली असती. शिवाय ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. पत्र परत करणे म्हणजे देणे नव्हे, हेही त्यांना विचारून घेतले आहे.

साक्षीदाराने मृत्युपत्राचा मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. सही समोर झाली, एवढे त्याने पाहायचे असते. दुसऱ्या साक्षीदारापुरती माझी अट अशी की त्याने कलम ५ ते ८ माझ्यासमोर वाचावीत, मग सही करावी. वाचून सही करायची नसल्यास करू नये. मग मी वेगळा साक्षीदार आणीन. तो वाचत असताना मी बोलणार नाही. प्रयागबाई चहा आणणार नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रयागबाईने करावी. अमोलने तिला मदत करावी, सल्ला देऊ नये.

इथे माझे लिहिणे संपते. वरील मजकूर माझा आहे, खोडाखोड नाही, आणि त्यातील कशाचाही दोष दुसऱ्या कोणाकडे जात नाही.

ठिकाण: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: १९ जुलै २०२५

(सही) रुपराव महादेवराव ठवकर

साक्षीदार १: मुकुंद वामन देवपुजारी, शेजारी, सेवानिवृत्त शिक्षक. श्री. ठवकर यांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही.
(सही)

साक्षीदार २: ऋषिकेश तुळशीराम निनावे, राहणार लकडगंज. श्री. ठवकर यांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते. सांगितलेली कलमे वाचली. सहावे दोनदा वाचले. वैभवीचे पत्र घेतले, आता तिलाच द्यायला जाऊन राहिलो. कलकत्त्याचे टेबलावर ठेवले आहे. ते नको.
(सही)