तिचा मुलगा कुठे पुरलाय?

आबा, त्या हुकूमशहाला फाशी दिल्याची बातमी आली ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. अमळनेरच्या आपल्या घरी तुम्ही कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी घेऊन स्वयंपाकघरात बसला होता, लाकडी बडगीत भरीत ठेचत. पुढच्या खोलीत टीव्हीवर दोर दिसला आणि दादा टाळ्या पिटत ओरडला, "बरं झालं, मेला एकदाचा!" तुमचा हात थांबला. "बंद कर ते," तुम्ही एवढ्या जोरात म्हणालात की आईसुद्धा दचकली.

तरुणपणी तुम्ही त्याच्याच देशात वेल्डर होतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तिथल्या तुमच्या कामावरच्या जोडीदाराबद्दल तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललात. त्याचा धाकटा भाऊ चहाच्या दुकानात सरकारविरुद्ध काहीतरी बोलून गेला आणि पहाटे शिपाई त्याला उचलून घेऊन गेले. त्यांची आई धुतलेले कपडे घेऊन तुरुंगाच्या फाटकावर जायची आणि तसेच परत आणायची. "मग तर फाशी हवीच," मी म्हणाले. तुम्ही बडगी बाजूला सारलीत. "त्याले फाशी दिन्ही. आते तिना पोऱ्या कोठे पुरेल शे, हाई कोन सांगी?"

आता मी जामनेरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. परवा वर्गात त्याच हुकूमशहाच्या खटल्याचा विषय निघाला. खटला व्हायलाच हवा होता, असं मी ठामपणे सांगते. ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्याच्यासमोर साध्या बायाबापड्या उभ्या राहून बोलल्या आणि त्याला बसून ऐकावं लागलं. न्याय झाला असेल तर तेवढाच. पुढे एका गावातल्या हत्यांसाठी त्याला लटकवलं आणि बाकीच्या गावांना उत्तर द्यायला तो उरलाच नाही. एक मुलगी उठली. "मॅडम, जिवंत ठेवला असता आणि त्याची माणसं पुन्हा सत्तेवर आली असती तर?" ती भीती खरी आहे, मी म्हणाले. तरी त्याला कोठडीतच म्हातारा होऊ द्यायचं आणि रोज एकेका बेपत्ता माणसाचं नाव घेऊन विचारायचं, हा कुठे आहे? तुमचाच प्रश्न मी तिच्यापुढे ठेवला.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? माझ्यापाशीच राहील, म्हणून सांगून टाकते. तास संपल्यावर त्या मुलीने मोबाइलवर फाशीची जुनी दृश्यं दाखवली. दृश्यं संपली आणि आबा, मला ती पुन्हा एकदा बघावीशी वाटली.