पित्ताशयाकडची कड

३ जाने.
कमलबाई आल्या. उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून, जावेला घेऊन, एसटीने. मासळी विकतात. यकृतात कॅन्सरची गाठ. लहान, पण पित्ताशयाला खेटून. यकृत आधीच खराब, ऑपरेशन झेपणार नाही असं सर्जनचं मत. मग सोनोग्राफीत बघत सुई घालून गाठ जाळणं. म्हणजे मी.
अवि गेल्यापासून एकही केस केलेली नाही. आला तो पेशंट पुण्याला पाठवते. यांनाही तेच सांगितलं. जाऊ म्हणाली, "पुन्याला कोन न्हेनार वं मॅडम? हितंच बगा की."
बघते म्हणाले.

५ जाने.
इतकी वर्षं सोनोग्राफीचा प्रोब अविच्या हातात, सुई माझ्या. 'थांब.' 'अजून.' 'बास.' नवरा-बायको म्हणून घरीही आम्ही साधारण एवढंच बोलायचो. आता तेवढंही नाही. टीव्ही लावून ठेवते.
दुपारी जावेला फोन करून हो म्हटलं. मग फोन हातात घेऊन उगाच बसले. आणखी कुणाला सांगायचं होतं?

८ जाने.
सेंटर बंद. एकटीच गेले. खाटकाकडून कलेजी आणली होती. डाव्या हातात प्रोब, उजव्यात सुई. डावा हात सारखा सरकतो. संध्याकाळपर्यंत जरा जमलं.

९ जाने.
झालं. कसं झालं ते माहीत नाही.
भुलीआधी कमलबाई पडद्याकडे बघत होत्या. म्हटलं, गाठ तापली की आत बुडबुडे होतात, तिथं पांढरं दिसतं. "म्हंजी भात रटरटल्यागत की," म्हणाल्या आणि डोळे मिटले.
सुई नीट बसली. पांढरा ढग पसरला आणि त्याच्यामागचं सगळं झाकून गेलं. पित्ताशयाकडची कड दिसेचना. आणखी तापवावं तर पित्ताशय भाजणार. थांबावं तर गाठ राहणार.
"दिसतंय का तुला?"
तोंडातून गेलंच. भूल देणारे डॉ. हिरेमठ मान वर करून म्हणाले, "मला विचारलंत, मॅडम?"
"नाही," मी म्हणाले.
सुई गार होऊ दिली. ढग विरेपर्यंत थांबले. कडेचा एक कोपरा शंकेचा वाटला. सुई जरा मागे घेऊन तेवढंच पुन्हा तापवलं. मग बास. ते मी मोठ्याने म्हणाले. कुणाला, कोण जाणे.

१० जाने.
ताप नाही. पोट मऊ. पित्ताशय शाबूत. कमलबाईंना चहा हवा होता.
"तुमच्या घरी कोन कोन अस्तं?"
"मी एकटीच."
"मंग जेवान?"
"करते की."
"एकटीपुरतं?" मी उगाचच पट्टी तपासली.

११ फेब्रु.
आज तपासणीचं सीटी. गाठ होती तिथं काळा खड्डा, छान. पण पित्ताशयाच्या बाजूला बारीक उजळ रेघ. भाजल्याची सूज असेल. किंवा राहिलेली गाठ. अविने बोट ठेवून सांगितलं असतं. कदाचित त्यालाही नसतं सांगता आलं. हे आधी कधी मनात आलं नव्हतं.
फोटो पुण्याला पाठवले. उत्तर आलं: तीन महिने थांबून पुन्हा बघा.
कमलबाई बाहेर बाकावर होत्या. "गेली का?"
"बरीचशी. एका ठिकाणी अजून शंका आहे. आत्ता सांगता येत नाही."
जावेने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"बरं. यीन की परत," कमलबाई म्हणाल्या. मग निघता निघता, "तुमी मासं खाता का?"
"खाते."
"मंग या की ऐतवारी. जाऊ लई झ्याक कालवन करती."
बघते म्हणाले. तीन महिने. रेघ वाढली तर पुन्हा सुई, आणि त्या वेळी पित्ताशय आणखी…
रविवारी तशी मोकळीच आहे. टेंभुर्णीहून पुढं त्यांच्या गावाचा रस्ता कसा आहे, विचारायला हवं होतं.