हेमलताचा अ‍ॅम्प

माण, ता. मुळशी
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा उचललास आणि नुसतं हो हो म्हणून ठेवून दिलास. म्हणून म्हटलं कागदच काढावा.

बातमी अशी की या वयात मी स्टील गिटार शिकले आहे. हसू नकोस! पाच वर्षांपूर्वी भात झोडताना पडले, तेव्हापासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही, हे तुला ठाऊक आहे. पेटी सुटली. भजनात नुसती टाळ्या वाजवत बसायचे. जूनमध्ये आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या आपल्या मुलाकडे राहायला अमरावतीचे बंडोपंत आले. ते गॅलरीत बसून वाजवायचे, मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. एके दिवशी म्हणाले, बाई, याला उजव्या हाताची तीनच बोटं लागतात. अंगठा आणि दोन. डाव्या हातात ही स्टीलची कांडी धरून तारेवर सरकवायची. बस्स! दादा, मी तिथंच पायरीवर बसले.

दिवाळीनंतर ते गावी परत गेले. गिटार मला देऊन गेले, तिचा आवाज मोठा करणारा डबा म्हणजे अ‍ॅम्प मात्र नेला, तिकडे त्यांची दुसरी गिटार आहे. आता बिनअ‍ॅम्पची वाजवते, तर डास गुणगुणल्यासारखी वाजते.

दत्तजयंतीला आमच्या भजनी मंडळानं मला एक अभंग वाजवायला दिलाय. सगुणाबाई आमच्या प्रमुख, त्यांनी बजावलंय की तुजा त्यो डबा टाळापरीस मोटा बोलला तर देवळाभायेर ठेवीन, आन् ऐकूच आला न्हाई तर आणलास कशाला म्हणीन. वर भाडेकरू रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यांचीही झोप मोडायला नको.

तू सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात हीच गिटार वाजवलीस. छोटा, सरावाचा अ‍ॅम्प कुठला घेऊ ते कळव. वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी,
हेमलता

*

कराड
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा तुझ्या वहिनीनं हातातून काढून घेतलं, ताट गार होत होतं. लहानपणी रिह्याला आपल्या गावी असताना पितळी डब्याला तारा बांधून मी वाजवायचो आणि तू दादाची कटकट म्हणून रडायचीस. देव बघत असतो बरं!

आता नीट वाच. वॅटचे आकडे बघून भुलू नकोस. घरात आणि देवळाच्या मंडपात पंधरा-वीस वॅट पुष्कळ. बघायचा तो स्पीकर. आठ इंचांच्या खाली जाऊ नकोस. लहानग्या स्पीकरमध्ये वरच्या तारा गोड लागतात, पण जाड तार छेडली की ढेकर दिल्यासारखा आवाज येतो.

दुसरं. दुकानदार तुला फाटका, करकरीत आवाज काढून दाखवील, कारण पोरांना तोच आवडतो. आपल्याला स्वच्छ हवा. स्टील गिटारचा सूर लांब असतो, एका जागेवरून दुसरीकडे सरकत जातो. मध्येच फाटला तर अभंगाचं भांडण होईल. खर्ज, मधला आणि तार आवाज कमीजास्त करायला वेगवेगळी बटणं हवीत. कांडी तारेवर घासते तेव्हा आवाज टोचतो, तो उतरवता आला पाहिजे. शेजाऱ्यांसाठी हेडफोनचं भोक आहे ना ते बघ.

आपली गिटार आणि आपली कांडी घेऊन जा. सगळ्यात जाड तार छेड आणि हात काढून घे. सूर पुरता विझेपर्यंत कोणाशी बोलू नकोस.

आणि डबा कानाच्या उंचीवर ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. माझं ऐक.

फोनचं मनावर घेऊ नकोस. फोनवर मला बोलणं सुचत नाही. पत्र लिही. तुझ्या अण्णासाहेबांना नमस्कार सांग. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा,
चंद्रकांत

*

माण
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल आम्ही पुण्याला जाऊन आलो! तुझं पत्र पिशवीत, गिटार ह्यांच्या खांद्यावर. हिंजवडीच्या गर्दीत तासभर अडकलो, तेवढ्या वेळात ह्यांनी पत्र पाठ केलं आणि दुकानात शिरताच मालकाला म्हणाले, फाटका नगं, सोच्छ दावा. तो बिचारा बघतच राहिला.

पहिला दाखवला त्यात चाळीस आवाज होते. एकात माझी गिटार हेलिकॉप्टरसारखी वाजली. ह्यांना तोच आवडला. दुसरा हातात मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा, तांबडाचुटूक. मी मोहात पडले होते, पण जाड तार छेडली आणि दादा, खरंच ढेकर! मी एवढी हसले की मालकही हसला. मग त्यानंच आतून दोन काढले. दोन्ही वीस वॅटचे, आठ इंचांचे, दोन्हींना हेडफोनचं भोक. एक काळा आणि एक तपकिरी.

मी अभंगाची पहिली ओळ वाजवली. दुकानात एक जण तबला घ्यायला आला होता, तो थांबला. मालकानं पंखा बंद केला. तुला काय सांगू, अठ्ठावन्न वर्षांची मी, कुणी माझ्यासाठी पंखा बंद केला नव्हता.

काळ्याचा सूर कसा, पितांबरीनं घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. तपकिरीचा मऊ, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा, पण जाड तारेला त्यात काहीतरी भुणभुणतं. माझं मन ठरेना. मालक भला माणूस, दोन्ही पंधरा दिवस बाजूला ठेवतो म्हणाला. ह्यांनी दोन्ही आवाज मोबाईलवर घेतलेत आणि तुमच्या कौस्तुभला पाठवलेत. आधी काळा, मग तपकिरी. तुला अर्धं मिनिट पुरे. ऐक आणि एका ओळीत कळव. तू म्हणशील तो घेईन.

हे विचारत होते, तुजा भाऊ माज्याशी का बोलत न्हाई? गेल्या वर्षी लग्नात म्हणे तीनदा हाक मारली, तू वळूनही बघितलं नाहीस. तेव्हापासून गप्प आहेत. काही चुकलं असेल तर पोटात घाल, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
हेमलता

*

कराड
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक आशीर्वाद.

कौस्तुभनं मोबाईल माझ्या कानाला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मी मान डोलावली. म्हणालो, दुसरा चांगला आहे. मग तुला तसं कार्ड लिहिलं, तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलो आणि तिथं फाडून टाकलं.

हेमे, मला दोन्ही ऐकू आले नाहीत.

दोन वर्षं झाली. भांडं पडलं तर कळतं, ट्रॅक्टर कळतो. समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून निभावतो. फोनमध्ये नुसती हवा वाजते. सव्वीस वर्षं कर्ण्यांच्या शेजारी उभा राहून वाजवलं, त्याचं हे फळ. कोणाला सांगितलं नाही. वाजवणाऱ्याचे कान गेले म्हटल्यावर त्याच्यापाशी काय उरलं, असं वाटायचं. तुझ्या वहिनीला वाटतं मी तिरसट झालोय. मीही तेच बरं म्हणून चालवून घेतलं. गिटार माळ्यावर टाकली.

अण्णासाहेबांची हाक मला ऐकूच आली नव्हती. त्यांना माझ्या वतीनं हात जोड.

या बाबतीत मी तुला खोटं सांगणार नाही. तुझे कान शाबूत आहेत, तूच निवड. फक्त एक कर. आपण वाजवताना आपल्याला सगळंच गोड लागतं. दुसऱ्या कोणाला तारा छेडायला लाव आणि तू लांब जाऊन उभी राहा. जो डबा गोंगाटातूनही तुला हाक मारील, तो तुझा.

हे पत्र वहिनीला दाखवून मगच टाकतो आहे. तिनं ते दोनदा वाचलं. मग तिनं चहा केला. तुझी माया असू दे, सध्या तिची गरज आहे.

तुझा,
चंद्रकांत

*

माण
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू एक नंबरचा मूर्ख आहेस. थोरला आहेस म्हणून हे वाक्य सगळ्यात आधी लिहून मोकळी झाले. दोन वर्षं! मी इथं देवाला विचारत होते की माझ्या भावाला मी नकोशी का झाले.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, बहिरा झालाय व्हय त्यो! आन् मी लेकाचा वर्षभर रुसून बसलो. तुला बघायला ते एवढे उतावीळ झालेत की आत्ताच निघतो म्हणत होते. मीच थांबवलं, कारण आधी अ‍ॅम्प.

परवा पुन्हा दुकानात गेलो. ह्यांनाच गिटार मांडीवर देऊन बसवलं आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. रिक्षा, बस, भोंगे. काळा आला, टोकदार, आणि बस आली की विरून गेला. तपकिरी आला तो बसच्या आवाजाखालून वाकून आल्यासारखा. बस गेली तरी होताच. मी धावत आत गेले! आणि ती भुणभुण? ह्यांनी डबा उलटा केला, मागचा एक स्क्रू ढिला होता. आवळला, भुणभुण गेली. आता म्हणतात अ‍ॅम्प मीच निवडला.

तपकिरी माझ्या घरात आहे, दादा. जमिनीवर ठेवलाय.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी तू, वहिनी आणि कौस्तुभ इथं हवेत. हे बोलावणं नाही, हुकूम आहे. पायांवर डोकं ठेवते आणि वाट बघते.

तुझी,
हेमलता

*

माण
१८ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पोहोचल्याचं कौस्तुभनं कळवलं. तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतंय.

दत्तजयंतीच्या सकाळचं डोळ्यांपुढून हलत नाही. मी हेडफोन तुझ्या कानावर चढवला, तार आवाजाचं बटण पार टोकाला नेलं आणि नुसती एक तार छेडली. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, नाही जमलं. आणि तू केवढ्यांदा ओरडलास, हेमे, पहिली तार उतरलीय! वरचे भाडेकरू झोपेतून उठून जिन्यात आले. वहिनी रडत होत्या, हे खिडकीकडे तोंड करून उभे होते. आता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं कबूल केलंयस, ते मोडू नकोस. हेडफोनचा आवाज किती ठेवायचा तेही त्यांनाच विचार.

पण एक गोष्ट तुला तिथं सांगितली नाही, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देवळात दुसऱ्या कडव्याला आमच्या मंडळातला गेणबा प्रसादाचं ताट घेऊन मागून गेला आणि त्याचा पाय वायरीत अडकला. प्लग निघाला. माझी गिटार एकदम मुकी झाली. सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं, बायका चाचरल्या. मी हात उचलणारच होते. तेवढ्यात तू दिसलास, पहिल्या रांगेत, माझ्या हाताकडे बघत, मांडीवर ताल धरून डोलणारा. तुला कळलंच नव्हतं. तुझा चेहरा बघून मला थांबवेना. सगळ्या मंडपात माझा एकही सूर कोणाला ऐकू जात नव्हता, तरी मी पूर्ण कडवं वाजवलं, एकट्या तुझ्यासाठी. सगुणाबाईंनीही बायकांना खूण केली, चला म्हणून. तिसऱ्या कडव्याला गेणबानं प्लग लावला आणि आवाज आला.

नंतर चहाला तू म्हणालास, दुसरं कडवं सगळ्यात सुंदर झालं. मी पदराआड तोंड केलं. तुला फसवल्यासारखं वाटलं, दादा. रागावू नकोस. सगुणाबाई म्हणाल्या, डबा र्‍हाऊ दे मंडळात, बरा बोलतोय. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
हेमलता

*

कराड
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. हेमलता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. गिटार माळ्यावरून काढली, तारा गंजल्या आहेत, नव्या मागवल्या.

तुझ्या अ‍ॅम्पला पुढच्या बाजूला एक तांबडा दिवा आहे. मी त्याच्या अगदी समोर बसलो होतो. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच शब्दाला तो विझलेला मी पाहिला. तू हात उचलणार, हेही दिसलं. मी थांबलो असतो तर तू थांबली असतीस. म्हणून मी ताल सोडला नाही.

आणि चहाला जे म्हणालो ते उगाच म्हणालो नाही. पहिल्या कडव्यात तुझी कांडी प्रत्येक सुराला भीत भीत जात होती. दुसऱ्यात कोणी ऐकत नाही म्हटल्यावर ती पहिल्यांदा न बिचकता सरकली, थेट, जिथं जायचं तिथं. सव्वीस वर्षांत तो हात मी फार थोड्यांचा पाहिला.

दुसरं कडवंच सुंदर होतं, हेमे. आता तसंच प्लग लावून वाजव.

अण्णासाहेबांना प्रेमाचा नमस्कार. असाच जिव्हाळा धरून राहा, एवढंच मागणं.

तुझा,
दादा