मॅगझिन घासण्याची कच्ची वही

सोमवार, ३ मार्च १९८६

ही वही मी हौसेने उघडलेली नाही. म्युझियमच्या दल्वेनबाईंनी अट घातली आहे: वडिलांच्या पिस्तुलाला घरी हात लावणार असाल, तर रोज काय केलं, किती घासलं, ते तारखेनिशी लिहून द्या. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. कच्चं आणि पक्कं काम एका वहीत कधी चालवून घेतलं नाही. त्यांची वही वेगळी, स्वच्छ. ही कच्ची. ही कोणी वाचायची नाही.

बाब अशी. माझे वडील, नाव तुसाँ, आडनाव रन्सोने, हेर्स्टाल गावात घरच्या खिडकीशी बसून पिस्तुलं जुळवत. कारखान्यातून ओबडधोबड भाग यायचे, गुळगुळीत होऊन परत जायचे. नाव कारखान्याचं. १९१२ साली त्यांनी स्वतःसाठी एक जोडी केली. ते गेल्यावर एक पिस्तूल माझ्याकडे आलं, दुसरं धाकट्या बहिणीकडे, ऑदिलकडे. एप्रिलमध्ये अशा घरच्या कारागिरांचं प्रदर्शन आहे. पिस्तूल पूर्ण असेल तर काचेच्या कपाटात, खाली पाटीवर वडिलांचं नाव. अपूर्ण असेल तर खणात, नुसता नंबर.

माझ्या पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची डबी, आत जातं पण अडकत नाही. परत पायावर पडतं. मुदत ११ एप्रिल. मी रविवारपर्यंत संपवीन.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९

वडिलांच्या कानशी सिगारच्या डब्यातून काढल्या. अकरा. मॅगझिन साफ केलं. बुडाला दोन बारीक चिरा आढळल्या. वाटणीच्या दिवशी ऑदिलने आपटलं असणार. ती लहानपणापासून वस्तू आपटते. अर्ध्या तासात चिरा घासून नाहीशा केल्या.

पक्क्या वहीत लिहिलं: साफसफाई.

हात वडिलांचाच आहे. आज स्पष्ट जाणवलं.

गुरुवार, ६ मार्च

शेजारचे सेर्वे कॉफीला आले. अडतीस वर्षं कारखान्यात, तपासणी विभागात. पिस्तूल हातात घेऊन म्हणाले, बाई, हे मशीनचं काम नव्हे. घरी बसणारे लोक एक मॅगझिन एकाच पिस्तुलाला घासून बसवत, शेजारच्या पिस्तुलात ते जायचं नाही. बुडाला खूण असेल बघा. मी म्हटलं, खूण नाही. हे खोटं नाही. ओरखडे होते, आणि आता तेही नाहीत.

मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी कानस चालवलीत का? म्हणाले, नाही बाई, मी फक्त दुसऱ्यांनी बिघडवलेलं परत पाठवायचो.

दुसरा कप दिला नाही.

रविवार, ९ मार्च

संपलं नाही. कारण: उजेड. म्यूज नदीवरून येणारं धुकं दहापर्यंत खिडकीतून हलत नाही. वडिलांच्या वेळी हवा वेगळी होती.

निश्चय: रोज अकरा ते बारा, एका बाजूला फक्त वीस हात. मोजून. बुधवारी पूर्ण.

बुधवार, १२ मार्च

मॅगझिन आत गेलं आणि राहिलं! दहा मिनिटं अत्यंत समाधानाची. मग ते बाहेर येईना. सेर्वेंना बोलावलं नाही, ते स्वतःच आले; म्हणाले, भिंतीतून ठोकण्याचा आवाज आला, वाटलं बाई पडल्या. लाकडी डावाच्या दांड्याने त्यांनी ते बाहेर काढलं. म्हणाले, बाई, आता थांबा. मी म्हटलं, अडकलं याचा अर्थ आपण जवळ आलो. ते म्हणाले, आपण?

पक्क्या वहीत: प्रगती.

सोमवार, २४ मार्च

बारा दिवस नोंद नाही. अंगठा सुजला होता. दोष कानशीचा.

आज मुठीवरची लाकडी पट्टी काढून आत पाहिलं. तिथेही चीर. एकच. ऑदिल इथपर्यंत कशी पोचली कळत नाही, पण पोचली. ही पण घासणार होते. पॉलिश पेपर संपला होता.

सेर्वेंनी विचारलं, बहिणीच्या पिस्तुलाचं मॅगझिन कसं बसतं? म्हटलं, मला माहीत नाही, अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. ते म्हणाले, कशावरून? कशावरून म्हणजे काय. वाटणी. मी दोन्ही पिस्तुलं याच टेबलावर उघडून तेलाने पुसली, जुळवली, डब्यांत ठेवली. ऑदिल म्हणाली, थांब, मला बघू दे. मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, दोन्ही सारखीच आहेत. तिने डबा उचलला आणि निघून गेली. तेव्हापासून नव्या वर्षाचं कार्ड, खाली फक्त सही. माझी काही चूक असती तर मी मान्य केली असती.

रविवार, ३० मार्च. ईस्टर

सेर्वेंनी तांदळाचा केक आणला. मी त्यांना मॅगझिनची स्प्रिंग कशी बसवतात ते दाखवत होते. स्प्रिंग उडाली. शोधली: कपाटामागे, पडद्यात, त्यांच्या टोपीत. शेवटी सेर्वेंना दुसऱ्या तुकड्यात सापडली. ते म्हणाले, अडतीस वर्षांत ही जागा मी कधी तपासली नव्हती.

शुक्रवार, ४ एप्रिल

घासणं पूर्ण. मॅगझिन आता लोण्यासारखं आत जातं. तसंच बाहेर येतं. पिस्तूल उलटं धरलं, मूठ वर आणि नळी खाली, की मात्र ते उत्तम राहतं.

दल्वेनबाईंना फोन केला: कपाटात पिस्तूल उलटं ठेवता येईल का? नाही म्हणाल्या. विचारलं, किंचित तिरपं? त्यांनी विचारलं, मादम्वाझेल, तुम्ही नक्की काय केलंत? म्हटलं, सगळं वहीत आहे.

पक्क्या वहीत आतापर्यंत सहा ओळी.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळभर दिवाणखान्यात बसले. वडिलांच्या हाताखालून हजारो पिस्तुलं गेली आणि एकावरही त्यांचं नाव नाही. आता एका पाटीवर येणार होतं. सहा दिवस उरलेत.

ऑदिलला पोस्टकार्ड टाकलं. मजकूर: तुझं मॅगझिन एक दिवस हवं. फक्त मापासाठी. मदत मागितलेली नाही.

बुधवार, ९ एप्रिल

पोस्टाने पाठवेल असं वाटलं होतं. ती स्वतः आली. नदीपलीकडून दोन बस बदलून, बुटांचा खोका मांडीवर घेऊन. दारातच म्हणाली, म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, पाय पूस.

खोक्यात तिचं पिस्तूल, वडिलांच्या रुमालात. म्हणाली, माझंही मॅगझिन कधीच बसलं नाही. वाटलं, आपल्याला जमत नाही, बाबांचं काम आहे, हात लावून बिघडवायला नको. म्हणून तसंच ठेवलं.

तिच्या मॅगझिनच्या बुडाला एक चीर होती. एकच.

तिने माझं पिस्तूल उचललं आणि आपलं मॅगझिन अंगठ्याने त्यात ढकललं. टक्. हा आवाज मी वडिलांची खिडकी बंद झाल्यापासून ऐकला नव्हता.

मग म्हणाली, आण, तुझं माझ्यात घालून बघू. घातलं. तिच्या पायावर पडलं. तिने ते उचलून खिडकीशी नेलं, उलटसुलट केलं. विचारलं, दोन चिरा कुठं गेल्या? मी विचारलं, कसल्या चिरा? ती म्हणाली, बाबा दाखवायचे ना! एक चीर फेलिसीची, म्हणजे तुझी, दोन चिरा ऑदिलच्या. पिस्तुलाच्या आत एक खूण, मॅगझिनला तीच खूण, म्हणजे गोंधळ होणार नाही. म्हटलं, मी तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होते. ती म्हणाली, हो, तू शिकत होतीस.

मी कॉफी ओतली.

मग ऑदिलने विचारलं, फेलिसी, त्या दिवशी दोन्ही पिस्तुलं कोणी पुसली होती? म्हटलं, कॉफी गार होतेय. ती म्हणाली, होऊ दे. कोणी पुसली होती?

मी सांगितलं, मी.

ती म्हणाली, शाळेतही चुकलेलं उत्तर खोडरबराने असंच बरोबर करायचीस का गं? आणि हसायला लागली. वडिलांसारखी, खांदे हलवत, आवाज न करता. माझं पिस्तूल पूर्ण झालं होतं. तिचं आता कधीच होणार नाही. घासलेलं लोखंड परत घालता येत नाही, हे मला तिसऱ्या इयत्तेतल्या वजाबाकीइतकं ठाऊक आहे, आणि मी पाच आठवडे वजाबाकीच करत होते.

पक्क्या वहीत काय लिहावं सुचलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल. दुपारी ३, म्युझियम

सुपूर्द केलं, ते असं.

दल्वेनबाईंना: पिस्तूल एक, मुठीच्या आत एक चीर. मॅगझिन एक, बुडाला एक चीर. बसतं. पिस्तूल सुलट ठेवलं आहे. पाटीवर वडिलांचं नाव आहे, ते मी दोनदा वाचलं. देणाऱ्यांची नावं: ऑदिल आणि फेलिसी रन्सोने. हा क्रम मी सांगितला.

पक्की वही: दिली. दल्वेनबाईंनी सहा ओळी वाचल्या आणि विचारलं, बाकीचं कुठाय? ऑदिलने माझ्या पर्सकडे पाहिलं. म्हणून ही कच्चीही देत आहे. प्रदर्शनात ठेवणार नाहीत. नव्या कर्मचाऱ्यांना वाचायला देणार आहेत, वस्तूंना घरी काय करू नये यासाठी.

ऑदिलला: वडिलांच्या कानशी अकरा, सिगारच्या डब्यासह. आणि तिचं मॅगझिन, बिनखुणेचं. तिने ते रुमालात गुंडाळलं. म्हणाली, रविवारी जेवायला ये, येताना काही दुरुस्त करून आणू नकोस.

पोच म्हणून तिने इथे खाली सही केली आहे. सहीच्या पुढे पेनाने दोन बारीक रेघा ओढल्या आहेत. मी खोडलेल्या नाहीत.