वीज गेली तेव्हाची प्रार्थना

प्रिय आई, दुरूनच तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

ऑफिसात सकाळची प्रार्थना हल्ली स्पीकरवर लागते, ओठ कुणीच हलवत नाही. परवा मध्येच वीज गेली. पुढचे शब्द फक्त मला आणि साहेबांना येत होते. आम्ही दोघांनीच ती पूर्ण केली. साहेबांचे डोळे भरून आले.

तासाभराने त्यांनीच एका दवाखान्याची लिफ्ट सुरक्षित असल्याचा दाखला माझ्यापुढे सरकवला. दोर झिजलाय हे ठाऊक असूनही सही कर म्हणाले. मी नाही केली. रागावले नाहीत, खाली बघत राहिले. सही दुसऱ्याने केली. लिफ्ट चालू आहे.

माझं टेबल आता गोदामात आहे. खिडकी मोठी आहे, काळजी करू नकोस.

हात जोडशील तेव्हा आधी साहेबांसाठी माग. त्यांना प्रार्थना अजून सगळी पाठ आहे गं.

तुझी धाकटी